रडार म्युझियममध्ये त्या टेबलापाशी थांबा

संपादक महोदय, नमस्कार.

इंग्लंडला फिरायला जाणाऱ्यांसाठी हे पत्र. विमानांची म्युझियम्स सगळेच बघतात, पण नॉरफोकमध्ये नीटिसहेडला एअर डिफेन्स रडार म्युझियम आहे ते कोणी सुचवत नाही. 1942 च्या मूळ ऑपरेशन्स बिल्डिंगमध्येच आहे, म्हणजे खरं काम जिथे चालायचं तिथेच.

तिथे जाऊन नुसते अँटेनाचे फोटो काढून परत येऊ नका, नकाशाच्या टेबलापाशी थांबा, एवढंच सांगणं आहे. रडारची गोष्ट आपण नेहमी शोधाची म्हणून ऐकतो, 26 फेब्रुवारी 1935 ला वॉटसन-वॉट आणि विल्किन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी डेव्हेंट्रीला बीबीसीच्या शॉर्टवेव्ह लहरींवर हेफोर्ड बॉम्बर पकडून दाखवलं वगैरे. अहो पण जर्मनांकडेही रडार होतंच, फ्राया आणि वुर्झबर्ग, काही बाबतीत सरसच. 1940 मध्ये जर्मन हवाई हल्ले झाले तेव्हा ब्रिटिशांकडे जास्तीचं काय होतं तर रडारमागची यंत्रणा. चेन होम म्हणजे किनाऱ्यावरची रडार स्टेशनांची साखळी, तिचे टॉवर फक्त समुद्राकडे बघायचे, विमान किनारा ओलांडून आत आलं की दुर्बीण घेतलेले ऑब्झर्व्हर कोअरवाले सांगणार. रडारची माहिती फोनवरून बेंटली प्रायरीच्या (लढाऊ विमानदलाचं मुख्यालय) फिल्टर रूममध्ये, तिथे वेगवेगळ्या स्टेशनांचे आकडे जुळत नसले तर त्यातून एकच जागा ठरवायची आणि मग नकाशाच्या टेबलावर हवाई दलातल्या मुली काठीने खुणा सरकवायच्या! भिंतीवरच्या घड्याळाला लाल, पिवळे, निळे 5-5 मिनिटांचे भाग, बातमी आली तेव्हा काटा ज्या रंगावर त्याच रंगाची खूण टेबलावर. म्हणजे कुठली माहिती शिळी झाली ते एका नजरेत कळतं, कॉम्प्युटर नाही की काही नाही. मला तरी ही आयडिया सगळ्यात भारी वाटते.

शीतयुद्धाची ऑपरेशन्स रूम पण आहे, कन्सोलसकट, 1993 पर्यंत वापरात होती. 1966 ला इथल्या जमिनीखालच्या बंकरला आग लागून 3 फायरमनचा जीव गेला, पुढे काम या जुन्या बिल्डिंगमध्येच परत आलं. माहिती देणाऱ्यांत हवाई दलातून रिटायर झालेले लोक असतात, त्यांना बिनधास्त प्रश्न विचारा, पाट्या वाचण्यापेक्षा ते बरं. आणि म्युझियम रोज उघडं नसतं, दिवस बघूनच निघा.

– एक वाचक