जांघेतली नाडी कोण बघणार?

संपादक महोदय,

माझ्या नातीच्या हृदयाच्या पडद्याला भोक आहे, हे आम्हाला कळलं ती तीन महिन्यांची झाल्यावर. दूध ओढता ओढता ती मध्येच सोडून द्यायची, कपाळ घामाने निथळायचं. दिवस वैशाखाचे, आम्ही उकाड्यावर ढकललं. चौथ्या महिन्यात मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. खर्च योजनेतून झाला, पण तिथे राहायच्या खर्चापायी दोन वर्षांची आंब्याची बाग आगाऊ कराराने द्यावी लागली.

भोक बुजवलं. चार दिवसांत वॉर्डात आणू म्हणाले. श्वासाची नळी काढली की काही तासांत पोरीची छाती आत ओढली जायची आणि परत व्हेंटिलेटर. दोनदा झालं असं. नवव्या रात्री सिस्टरने हाताचं ब्लडप्रेशर घेतलं, मग पायाचंही. हाताला ११८, पायाला ७०. तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला. मी काचेबाहेर उभा होतो. एसटीत वाहक होतो. हिशेब जुळला नाही की मीही पैसे असेच दुसऱ्यांदा मोजायचो.

पुन्हा इको केला. हृदयातून निघणारी मुख्य धमनी, हाताकडे जाणारे फाटे फुटतात त्याच्या पुढे आवळलेली निघाली. जन्मापासूनची. दुसरी शस्त्रक्रिया झाली, घरी यायला ४१ दिवस लागले.

राग आला नाही असं म्हणणार नाही. एका डॉक्टरांनी मात्र बसवून समजावलं. पोटात असतानाची एक रक्तवाहिनी जन्मानंतर काही दिवस उघडी राहते, तोवर ही आवळलेली जागा झाकून जाते. मोठं भोक असेल तर त्यानेही ती लपते. भोक बुजलं, की हृदयाचा सगळा जोर तिच्यावर येतो.

हृदयाचा जन्मजात दोष हजारात आठ-नऊ बाळांना असतो. हातापायाला ऑक्सिमीटर लावून बघतात ते हवंच, पण धमनीचा हा दोष त्यातून बरेचदा निसटतो. धमनी अशी आवळलेली असली, की पायाकडे रक्त कमी जातं आणि जांघेतली नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. जांघेत दोन बोटं ठेवून ती बघायला मात्र पैसा लागत नाही. जन्मल्यावर बघावी आणि दीड महिन्याच्या डोसाला बाळ उपकेंद्रात येतं तेव्हा पुन्हा बघावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, पण त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. आमच्या पोरीला तेवढी सवड नव्हती.

गेल्या महिन्यात शेजारच्या सुनेचं बाळ डोसाला नेलं, तेव्हा मीही गेलो. नर्सबाईंना म्हटलं, जांघेतली नाडी बघता का? "आजोबा, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" म्हणत हसल्या. पण बघितली. दोन्ही बाजूंना लागली.

– एक निवृत्त एसटी वाहक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी