वेळापत्रकातील एक चौकोन

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा प्रत्येक माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर आठवड्याच्या तासिकांचा मोठा कागद पसरलेला असतो. कोणत्या वर्गाला कोणता विषय, कोणत्या दिवशी आणि कोण शिकवणार, हे त्यावरच्या चौकोनांत ठरते आणि वर्षभर शाळा त्याप्रमाणे चालते. या पत्राचा विषय त्या कागदावरचा एकच चौकोन आहे. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना स्वतःचे शरीर, मन, आरोग्य आणि नातेसंबंध यांविषयी समजावून सांगण्यासाठी आठवड्यातून एक तासिका राखून ठेवावी आणि ती कोणत्याही कारणाने दुसऱ्या विषयाला देऊ नये, ही माझी विनंती आहे. बीड जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मी २४ वर्षे विज्ञान शिकवत आहे आणि त्या अनुभवातूनच हे लिहीत आहे.

कागदोपत्री पाहिले तर या विषयाची उणीव नाही. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पाठ्यपुस्तकात तिसऱ्या प्रकरणात मानवी प्रजनन आणि लैंगिक आरोग्य आहे, नवव्या प्रकरणात ‘सामाजिक आरोग्य’ या शीर्षकाखाली ताणतणाव, व्यसने, मोबाइलचा अतिवापर आणि सायबर गुन्हे आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजनेअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात भावनिक आरोग्यापासून परस्परसंबंध, लिंगसमानता, प्रजनन आरोग्य आणि इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंत ११ विषय ठरवले आहेत, आणि प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, प्रशिक्षण घेऊन दर आठवड्याला ते मुलांपर्यंत पोहोचवावेत अशी रचना आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडल्यावर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांविषयीचे आदेश आले, आणि ते यायलाच हवे होते. परंतु तक्रारपेटीत चिठ्ठी टाकण्यासाठी आपल्यासोबत जे घडले ते चूक आहे हे मुलाला आधी कळावे लागते, ते सांगण्यासाठी त्याच्याकडे शब्द असावे लागतात, आणि हे शब्द द्यायला वेळापत्रकात जागा नाही.

ती का नाही, हे आम्ही शिक्षक जाणतो. आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद यांसारख्या विषयांना गुणपत्रिकेत श्रेणी मिळते, गुण मिळत नाहीत. दिवाळीनंतर दहावीचा अभ्यासक्रम संपवण्याची घाई सुरू झाली की या विषयांच्या तासिका गणित आणि विज्ञानाकडे जातात. मी स्वतः अनेक वर्षे त्या मागून घेतल्या आहेत आणि त्याबद्दल मला आज वाईट वाटते. उरतो तो वर्षातून एकदा होणारा कार्यक्रम. बाहेरून डॉक्टरबाई येतात, मुलींना सभागृहात बसवले जाते, दार लावून मासिक पाळीवर तासभर माहिती दिली जाते, शेवटी पॅडचे पाकीट हातात पडते. त्या वेळी मुले मैदानावर पाठवलेली असतात. बंद दाराकडे पाहून ती जे अंदाज बांधतात, तेच त्यांचे त्या दिवसाचे शिक्षण असते.

मुलग्यांविषयी अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांच्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष गेले आहे. वयात येताना झोपेत वीर्यस्खलन होणे ही निरोगी शरीराची सामान्य क्रिया आहे, पण आपल्या भाषेत तिला रूढ झालेला शब्द आहे ‘स्वप्नदोष’. शब्दातच ‘दोष’ आहे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा हा शब्द मोठ्या मुलांकडून ऐकतो, मग एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीवर ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘धातू जाणे’ अशा जाहिराती वाचतो आणि आपल्याला काहीतरी आजार झाला आहे असे समजून आतल्या आत झुरत राहतो. हा सगळा भार उतरवायला वर्गात उच्चारलेली चार सरळ वाक्ये पुरतात, हे मी पाहिले आहे. पहिल्यांदा ती वाक्ये बोलताना माझा आवाज अडखळला होता. मुले हसली, नंतर शांत झाली, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने मान वर करून विचारले, “मॅडम, म्हणजे औषध घ्यायची गरज नसते?” वडिलांच्या खिशातले पैसे घेऊन तो कुठल्यातरी वैदूकडे जाऊन आला होता, हे मला नंतर समजले.

मुलींची अडचण वेगळी आहे. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘प्रॉब्लेम आला’ असे अनेक शब्दप्रयोग त्यांच्या कानावर असतात, पण स्वतःला होणारा त्रास आईखेरीज कुणाला नेमका सांगता येईल अशी बोली त्यांच्याकडे नसते. परीक्षेसाठी पाठ केलेली पियूषिका ग्रंथी आणि अंडाशयाची संप्रेरके त्या अचूक लिहितात. मात्र पाळी सुरू झाल्यावर पहिली एकदोन वर्षे ती अनियमित असू शकते, एवढी साधी गोष्ट माहीत नसल्याने दोन महिने पाळी न आलेली आठवीतली मुलगी भीतीने रडत असलेली मी पाहिली आहे. याशिवाय आमच्या भागात आणखी एक प्रश्न आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला निघतात, मुलगी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते, आणि तिच्या काळजीपोटी, एखाद्या मुलाशी ती बोलताना दिसली तर अधिकच घाईने, तिचे लग्न ठरवले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले होते, आणि परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट आहे. नववीच्या वर्गातली एखादी मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाही, तेव्हा तो आकडा आम्हाला हजेरीपटावर दिसतो. मुलगा आणि मुलगी एकमेकांशी बोलले म्हणजे ‘लफडे’ झाले, या एका समजुतीपायी किती मुलींची शाळा सुटली असेल! म्हणून मैत्री, आकर्षण, नकार आणि नकाराचा मान या गोष्टी मुलामुलींना एकाच वर्गात, एकमेकांसमोर शिकवल्या पाहिजेत असे माझे ठाम मत आहे. शरीरशास्त्राचे काही तास हवे तर वेगळे घ्यावेत. पण समोरची व्यक्ती ‘नाही’ म्हणाली तर तिथे थांबायचे असते, हा धडा फक्त मुलींना देऊन काय उपयोग?

मोबाइलविषयी थोडक्यात लिहिते. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी आता मोबाइल आहे आणि त्यावर त्यांना जे दिसते त्याची चर्चा घरात होत नाही. कुणी फोटो पसरवण्याची धमकी दिली तर घाबरून पैसे देऊ नयेत, पुरावा पुसू नये, १९३० (सायबर गुन्ह्यांसाठी) किंवा १०९८ (मुलांच्या मदतीसाठी) या क्रमांकावर कळवता येते, एवढी माहिती दहा मिनिटांत देता येते. ती अजून अनेक वर्गांत दिली गेलेली नाही.

गेली सहा वर्षे मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मिळेल तो ‘ऑफ तास’ या कामासाठी घेते. माझी पद्धत साधी आहे. सर्वांना सारख्या आकाराचे कागद द्यायचे, प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच, प्रश्न नसेल त्याने पाढा किंवा कवितेची ओळ लिहायची, म्हणजे कोण लिहीत आहे आणि कोण नाही हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या मी घरी नेते, माझ्या अक्षरात पुन्हा उतरवते आणि मूळ चिठ्ठ्यांतल्या ज्यांना पुढे कारवाईची गरज नाही त्या नष्ट करते, कारण वर्गात अक्षर ओळखले जाते. पुढच्या तासाला उत्तरे देते. ज्याचे उत्तर मला येत नाही, ते ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारून सांगते.

या पद्धतीत एक अवघड जागा आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाने आधीच समजून घ्यावी असे मला कळकळीने वाटते. ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही’ असे वचन आपण मुलांना देऊ शकत नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळल्यास ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ प्रमाणे शिक्षापात्र गुन्हा आहे. या कामाच्या पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात वर्गाला पूर्ण गुप्ततेचा शब्द दिला. तिसऱ्याच आठवड्यात एक चिठ्ठी आली, घरी नेहमी येणाऱ्या एका नातेवाइकाविषयी. त्या मुलीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून लिहिले होते आणि मला तो शब्द मोडावा लागला. पुढे जे व्हायला हवे ते झाले, ती मुलगी सुरक्षित आहे, शिकते आहे. तरीही त्या दुपारी ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी विसरलेले नाही. तेव्हापासून पहिल्याच तासाला मी स्पष्ट सांगते की तुमचे प्रश्न माझ्यापाशी राहतील, पण कुणी तुम्हाला त्रास देत असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि काय करणार ते आधी तुम्हाला सांगेन. हे ऐकल्यावर चिठ्ठ्या कमी होतील अशी मला भीती होती. तसे झाले नाही.

या शिक्षणाला होणारा विरोध मी गंभीरपणे घेते. २००५ मध्ये केंद्राने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला, पण २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत लोकप्रतिनिधींनी त्यातील चित्रांना आणि मजकुराला हरकत घेतली आणि तो कार्यक्रम मागे पडला. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. ही दोन्ही वृत्ते एकाच वर्षी वाचलेली मी तेव्हा तरुण शिक्षिका होते आणि गप्प राहिले. अशा शिक्षणाने मुले लवकर बिघडतात ही शंका पालकांना येते, पण विविध देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली, तिच्यात असा परिणाम होत नसल्याचेच नमूद आहे. सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाविषयीचे गैरसमज दूर करण्याची गरज सांगितली.

परंतु पालकांची समजूत निकालांनी पटत नाही. आमच्या पालक सभेत एक वडील उभे राहून म्हणाले, “मॅडम, लेकरांना आताच कशाला हे सगळं? वेळ आली की कळंल त्यांचं त्यांना.” मी वाद घातला नाही. मागील काही वर्षांतले, कुणाचे आहेत हे ओळखता येणार नाही असे वीसेक प्रश्न मी मोठ्याने वाचून दाखवले. ‘माझी छाती एका बाजूला मोठी आहे, मला कॅन्सर आहे का?’ ‘मित्र म्हणतात गुटखा खाल्ला नाही तर तू बायकी, मी काय करू?’ ‘दहावीनंतर लग्न करायचे नाही हे बाबांना कसे सांगू?’ सभेत बराच वेळ कुणी बोलले नाही. नंतर त्याच गृहस्थांनी हे तास कोणत्या वारी असतात असे विचारले. मला ठरलेला वार सांगता आला नाही, कारण ऑफ तासाला वार नसतो.

राज्याचा नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत आहे. तो माध्यमिक वर्गांपर्यंत पोहोचेल तेव्हा या विषयाला निश्चित तासिका द्यावी आणि तिचा कार्यभार शिक्षकाच्या कामात मोजावा. तोपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांनी एवढेच पाहावे की शालेय आरोग्य कार्यक्रमातील दोन शिक्षकांचे प्रशिक्षण ऑनलाइन दुव्यावर हजेरी लावून न उरकता प्रत्यक्ष व्हावे, त्यात पोक्सोची कलमे आणि अवघड प्रश्नांची उत्तरे देण्याचा सराव असावा, आणि शाळा तपासणीच्या वेळी ही तासिका खरोखर झाली का हे मुलांना विचारले जावे. हा विषय परीक्षेचा करू नये, कारण गुण आले की चिठ्ठीवर खरे प्रश्न येणे थांबेल. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की या जूनमध्ये कागद पसरल्यावर हा एक चौकोन त्यांनी सर्वांत आधी, आणि शाईने, भरावा.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका, बीड जिल्हा
(विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे व शाळेचे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)