ऑपरेशनच्या आधी बाईला विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी फलटणला ब्लाउज शिवते. २२ वर्षं झाली. बाई दारात उभी राहिली की तिचा कुठला खांदा उतरता आहे, हे मला टेप लावायच्या आधीच कळतं. २०२२च्या फेब्रुवारीत माझी डावी छाती काढली. त्याच वर्षी गौरीच्या सुमारास स्वतःसाठी ब्लाउज बेतायला घेतला, तेव्हा दिसलं की माझाच उजवा खांदा अर्धा इंच खाली आलाय आणि डावा वर चढून बसलाय. जुना एकही ब्लाउज बसेना. डाव्या कटोरीत कापडाची नुसती घडी पडायची.

रडगाणं गायला मी हे लिहीत नाही. माझा जीव वाचला आणि तो सरकारी योजनेमुळे वाचला, हे आधी सांगते. केशरी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमो झाली, ऑपरेशन झालं, रेडिएशनही झालं. तेव्हा योजनेची मर्यादा दीड लाखाची होती, आता पाच लाखांची झाली. चांगलं झालं. आमच्यासारख्या घरात एवढ्या आजारपणात जमीन जाते, आमची राहिली.

माझी तक्रार एवढीच की मला कुणी विचारलं नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ इथे आहे, काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील, पूर्ण छाती काढू. मी मान हलवली, यांनी सही केली, मीही केली. पाच मिनिटं लागली असतील. डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर बाकावर बायकांची रांग होती. पण काढलेली छाती परत घडवता येते, कधी त्याच टेबलावर तर कधी वर्षा-दोन वर्षांनी, त्यासाठी वेगळे डॉक्टर असतात, यातलं एक अक्षर माझ्या कानावर आलं नाही. ते मला दोन वर्षांनी एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तिच्या बहिणीचं पुण्यात झालं होतं.

आमच्याकडे आशाताई येतात. त्यांच्या फॉर्मवर तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला विचारायचा प्रश्न असतो, स्तनात गाठ आहे का? चांगला प्रश्न आहे. पण गाठ सापडून ती काढून झाली, की पुढे विचारायला कुणी येत नाही.

घरी आले तेव्हा अंगाला दोन नळ्या आणि दोन बाटल्या होत्या. दिवसभरात किती पाणी आलं ते मोजून लिहायचं, ३० मिलीच्या खाली आलं की नळी निघते. मी ते गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच लिहीत होते. त्या पानावर अजून दिसतं : कुणाची तरी छाती ३६, बाही साडेसहा, आणि खाली माझं ८०, ६५, ५५. नळ्या निघाल्यावर हाताचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. रोज हात पोचेल तिथे मार्किंगच्या खडूने रेघ मारायची. पहिली रेघ शिलाई मशीनच्या उंचीची होती. वेणी घालण्याइतका हात वर जायला दीड महिना लागला, आणि तोवर वेणी घालायला केस उरले नव्हते, हा भाग वेगळा.

हाताबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी नीट उतरत नाही. म्हणून सांगतात, या हाताला सुई टोचून घेऊ नका, कापू नका, भाजू नका. शिवणकाम करणाऱ्या बाईला! उजव्या हातात सुई, डाव्या हातात कापड, आणि टोचते ती डाव्यालाच. वर दंडाची आतली बाजू बधिर, इस्त्री लागली तरी वासाने कळतं. आठ महिन्यांनी हात सुजला, बांगडी वर सरकेना. मग मनगटापासून दंडापर्यंत दाबून धरणारी घट्ट बाही घ्यायला सांगितली. जन्मभर दुसऱ्यांच्या बाह्या शिवल्या आणि स्वतःची विकत आणावी लागली. सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग दुसरी आणायची. फिजिओथेरपीसाठी म्हणाल, तर एसटीने तीन तास जाऊन यायचं, चाळीस मिनिटांच्या मसाजसाठी. मी तीनदा गेले, मग सोडून दिलं.

आता छातीचं. सुरुवातीला फोमचा पॅड घातला. तो हलका, त्यामुळे वर चढतो. एकदा एका मुलीच्या घागऱ्याचं माप घ्यायला वाकले, उठले तेव्हा पॅड गळ्यापाशी आलेला. मुलीची आई बघतच राहिली. सिलिकॉनचे वजनदार मिळतात, पण ते हजारांत. मग मीच डोकं लढवलं. सुती कापडाची थैली, आत मोहरी, आणि ब्लाउजला आतून खिसा. उजव्या बाजूच्या अंदाजाने भरत भरत सव्वातीनशे ग्रॅमवर काटा आणला. दोन आठवड्यांत पाठदुखी कमी झाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा दिसण्याचा प्रश्न नंतरचा, आधी हा तोलाचा प्रश्न आहे.

बातमी कशी पसरते कळत नाही, पण मग बायका यायला लागल्या. दुपारी, गर्दी नसताना, मागच्या दाराने. आतापर्यंत ११ जणींना खिशाचे ब्लाउज शिवून दिले. अकरापैकी एकीलाही ऑपरेशनआधी कुणी सांगितलं नव्हतं की छाती परत करता येते. एक जण शिक्षिका आहे, वाचणारी, सगळे रिपोर्ट फाइलला लावणारी. तिलाही नाही.

गिऱ्हाइकाने सांगितल्यावर मी चौकशीला गेले. कुठल्या रुग्णालयात, ते लिहीत नाही. खिडकीवरच्या माणसाने फाइल न उघडताच सांगितलं, “ताई, हे कॉस्मेटिकमध्ये येतं. हौसेच्या सर्जरीला योजना नसते.”

मी योजनेत बसते की नाही, हे पुढे विचारायचं राहूनच गेलं. त्या ‘हौस’ शब्दाने मी गप्प झाले. घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. पन्नाशीला आलेली बाई, जीव वाचला ते सोडून छातीची हौस करते, असं लोक म्हणतील, असं मला स्वतःलाच वाटायला लागलं.

मंत्री महोदय, बाळाचा फाटलेला ओठ शिवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तो फुकट शिवला जातो, आणि शिवलाच पाहिजे. भाजून चिकटलेली बोटं सोडवतात. याला कुणी हौस म्हणत नाही. बरं, विम्याच्या कंपन्या तर खर्च टाळायला बसलेल्या असतात ना? त्यांच्यासाठी सुद्धा विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली नियम घालून दिला. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा खर्च नाकारता येईल, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना त्यातून वगळली आहे. म्हणजे कॅन्सरनंतर छाती घडवणं हे हौसेत मोडत नाही, हे देशाच्या नियमात लिहिलेलं आहे. खिडकीपर्यंत ते पोचलेलं नाही, एवढंच. अमेरिकेत तर १९९८पासून कायदाच आहे : जो विमा छाती काढण्याचा खर्च देतो, त्याने ती घडवण्याचा, दुसरी बाजू तिच्या जोडीला आणण्याचा, कृत्रिम स्तनाचा आणि हातसुजेचा खर्चही द्यायचा. तिथे सगळं गोड चाललंय असं मला म्हणायचं नाही. पण सुजलेला हातसुद्धा त्या कायद्यात मोजलाय, हे मला फार आवडलं.

शेवटी २०२४मध्ये मी ऑपरेशन करून घेतलं. बचत गटाचं कर्ज आणि दोन तोळ्यांच्या पाटल्या. एका ट्रस्टच्या रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जन बाईंनी मला पाऊण तास दिला. रेडिएशन झालेल्या कातडीखाली नुसतं सिलिकॉन ठेवलं तर त्याभोवती कडक कवच धरायचा धोका जास्त असतो, म्हणून पाठीचा स्नायू, कातडी आणि चरबीसकट, काखेखालून पुढे वळवून आणायचा. पोटाची चरबी घेऊन रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचीही पद्धत आहे, पण ते आठ-आठ तासांचं काम. मला पाठीचं पटकन समजलं. कापड कमी पडलं की आपण पदराकडून काढून जोड देतोच की.

खोटं बोलणार नाही, पहिल्यासारखी नाही झाली. स्पर्श कळत नाही. पाठीला वीतभर व्रण आहे, भरलेली घागर उचलताना पाठ कुरकुरते. आणि एक गंमत : तो पाठीचा स्नायू अजून स्वतःला पाठीचाच समजतो. डाव्या हाताने मशीनवरचं कापड ओढलं की पुढे छाती टुणकन हलते. पहिल्यांदा मी दचकले, आता माझी नात मुद्दाम बघायला येते. पण खांदे सरळ आले. आता माझा ब्लाउज दोन्ही बाजूंना सारखे टक्स घालून शिवते.

प्रत्येकीने हे करावं असं मी म्हणत नाही. माझ्या अकरा जणींत एक मावशी आहेत, वय ६४. त्यांना मी सगळं समजावलं तर म्हणाल्या, “मला नको गं बाई आणखी चिराचीर, तू आपली मोहरी भर.” मी भरून दिली. माझ्याही बाबतीत रेडिएशन होणार होतं, त्यामुळे आधी विचारलं असतं तरी ‘आत्ता नको, नंतर बघू’ असंच उत्तर कदाचित मिळालं असतं. चाललं असतं. ‘नंतर’ असं काही असतं, हे कळून मी घरी गेले असते. ती दोन वर्षं मी वेगळी काढली असती.

तर माझं मागणं असं. कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक सरकारी आणि योजनेतल्या रुग्णालयात, सहीच्या आधी, बाईला मराठीत लेखी सांगितलं जावं : तिची छाती वाचवता येईल का (लवकर सापडलेल्या गाठीत नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं तरी जगण्याची शक्यता तेवढीच राहते, हेही मला उशिराच कळलं), काढली तर परत घडवता येईल का, कधी, कशी, आणि नको असेल तर काय. सहमतीच्या कागदावर त्याची वेगळी ओळ असावी. छायाचित्रं दाखवावीत, चांगलीही आणि व्रणांचीही. स्तनपुनर्रचना ही कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे, असं खिडकीवरच्या माणसापर्यंत परिपत्रक जावं, आणि जन आरोग्य योजनेत तिची एकही पायरी बाहेर राहू नये. पहिलं ऑपरेशन, दुसरं, दुसऱ्या बाजूची दुरुस्ती, स्तनाग्र करणं, सगळंच. हे एका दमात होत नाही, तीन-चार फेऱ्या लागतात, आणि फेऱ्यांच्या मध्येच आमच्यासारख्या बायका गळतात.

हातसुजेची बाही आणि वजनाचा पॅड फुकट द्या. पाच लाखांच्या हिशोबात ही चिल्लर आहे. आणि जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी असते, तिथल्या एखाद-दोघींना या हाताचा मसाज शिकवा, म्हणजे एसटीचे तीन तास वाचतील. प्लास्टिक सर्जन जिल्ह्याजिल्ह्यात लगेच मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. पण महिन्यातून एक दिवस मोठ्या शहरातून एक डॉक्टर येऊन तपासू शकतात. मोतीबिंदूची शिबिरं आपण पिढ्यान्‌पिढ्या भरवतोय.

या पत्राची प्रत पोस्टाने मंत्रालयात पाठवते आहे. सोबत पुड्यात माझी जुनी मोहरीची थैली आहे, वजन सव्वातीनशे ग्रॅम. आपल्या टेबलावर ठेवा, येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात द्या. फक्त पावसाळ्यात तिला दोन दिवसाआड ऊन दाखवावं लागतं, नाहीतर वास येतो.

आपली नम्र,
एक शिवणकाम करणारी बाई
फलटण, जि. सातारा