टोळी निघण्याआधी सहा महिन्यांच्या गोळ्या द्या

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात एचआयव्ही समुपदेशक आहे. दिवाळीच्या आगेमागे इथली गावं ओस पडतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली ऊसतोड जोडपी ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या फडांवर जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. त्याच महिन्यांत आमच्या रजिस्टरला काही नावांपुढे 'एलएफयू' लिहिलं जातं, म्हणजे उपचारातून सुटलेला, संपर्कात नसलेला रुग्ण. साहेब, ही माणसं कुठे आहेत ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं.

गेल्या पाडव्यानंतर एक ताई आल्या. आठ वर्षांत त्यांनी गोळी चुकवली नव्हती, व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडत नव्हता. जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या सरल्यावर ताई फडाजवळच्या एका एचआयव्ही उपचार केंद्रात गेल्या, तर तिथे मूळ केंद्राकडून बदलीचं पत्र मागितलं. ते आणायला बीडला यायचं म्हणजे दोन-तीन दिवसांचा खाडा. खाड्याचा दंड हिशेबात कापला जातोच, शिवाय कशासाठी चाललीस ते मुकादमाला सांगावं लागतं. त्या आल्या नाहीत. पुढचे तीन महिने गोळीविना पहाटे चारपासून ऊस तोडत राहिल्या. माझ्यासमोर बसल्या तेव्हा खोकत होत्या. तपासणीत टीबी निघाला. म्हणाल्या, "मॅडम, म्या गोळी न्हाई सोडली. गोळी सरली."

रजिस्टरला मात्र 'रुग्णाने उपचार सोडले' असंच लागलं होतं. ते मीच लिहिलं होतं.

आपल्या राज्याने या कामात पुष्कळ केलं आहे. १ एप्रिल २००४ ला देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली तेव्हा मुंबईचं जे.जे. रुग्णालय अगदी पहिल्या केंद्रांत होतं. पूर्वी रक्तातल्या सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीचं माप) घसरेपर्यंत वाट बघावी लागे. २०१७ पासून निदान झालं की उपचार लगेच सुरू होतात. आता बहुतेकांना रात्रीची एकच गोळी पुरते. ती रोज घेऊन विषाणू दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ऐकताना नवराबायकोच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी दर आठवड्याला बघते. म्हणूनच एका पत्रापायी हे सगळं वाया गेलेलं सहन होत नाही.

स्थिर रुग्णांना सहा महिन्यांपर्यंतची औषधं एकदम देता येतात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ऊसतोड कामगारांसाठी तसा स्पष्ट आदेश काढा. निघण्याआधी व्हायरल लोड करा, हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या हातात द्या. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या प्रत्येक केंद्राला कळवा की रुग्णाचं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवलं की औषध मिळालं पाहिजे. कागद आम्ही मागून पाठवू. बेळगावकडच्या केंद्रांसाठी कर्नाटक सरकारशी आपणच बोलू शकता. टोळीत गरोदर बाया असतात, त्यांची एचआयव्ही तपासणी गाव सोडण्याआधी झाली तर बाळाला वाचवता येतं.

आणखी एक, वरून किरकोळ वाटेल. तीस गोळ्यांची डबी खोपीत खुळखुळते. बाया तिच्यात कापूस कोंबतात, वरचं लेबल खरवडून काढतात. साध्या पाकिटात गोळ्या देता येतील का, ते औषधतज्ज्ञांना विचारा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे, पण दहा फुटांच्या खोपीत तो बाईने एकटीने कसा सांभाळायचा?

यंदाची उचल वाटून झाली आहे. दसरा झाला की पहिले ट्रक निघतील. आदेश त्याआधी तालुक्याला पोहोचला तर यादी माझ्याकडे तयार आहे. घरोघरी जाऊन गोळ्या मी स्वतः देईन.

आपली,
एक समुपदेशक, बीड जिल्हा