घोड्या घेतल्यास का?

कोल्हापूर,
सोमवार, पहाट

चि. स्वाती हिस
अनेक आशीर्वाद.

काल फोन मध्येच बंद झाला तो रेंज गेली म्हणून नव्हे. आईनं तुला तसं कळवलंय, पण मीच बंद केला. तू एवढ्या हौसेनं मोबाइल फिरवून गाडी दाखवत होतीस आणि मला मागच्या बाजूला तो कात्रीसारखा उघडणारा जॅक दिसला. शेजारी जमिनीवर पुठ्ठा अंथरलेला. पुठ्ठा कशाला अंथरतात ते चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढं मी जे बोललो ते बोललो. "विकून टाक तो डबा" असंही म्हणालो, असं आई म्हणते. मला आठवत नाही, पण म्हणालो असेन.

आता साडेचार वाजलेत. फोनवर परत तापेन म्हणून लिहितोय. उजाडल्यावर ओंकारला या पत्राचे फोटो काढून पाठवायला सांगतो. जॅकबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

डबा नाही ती. १९७३ची एमजीबी जीटी, क्रोमचा बंपर. १९७४ पासून अमेरिकेच्या नियमांपायी त्या गाडीच्या तोंडावर काळं रबर आलं आणि गाडी उंच झाली. तुझी त्याआधीची, हे नशीब. आणि इंजिनाबद्दल तर मला काल तुला सांगायचंच होतं, तेच राहून गेलं. तुझ्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन आणि आपल्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन, दोन्ही बी-सिरीज. एकाच घराण्यातली. थोरली पाती आणि धाकटी पाती म्हण. मी उद्यमनगरात ज्या इंजिनावर केस पांढरे केले, त्याच्या भावकीतलं इंजिन तू कॉव्हेंट्रीत विकत घेतलंस. तुला हे माहीत होतं का? मला वाटतं माहीत होतं. म्हणूनच घेतलंस आणि म्हणूनच माझ्यापासून दोन महिने लपवलंस.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायचं, आठवतं? तू चौथीत होतीस. स्टुलावर बसून पाढे म्हणायचीस आणि मी रॉकर कव्हर, इंजिनाचं वरचं झाकण, काढलं की आत डोकावायचीस. नवाची बेरीज तूच पाठ केली होतीस. पहिल्या व्हॉल्व्हची फट बघायची तर आठवा पूर्ण दाबलेला हवा, तिसऱ्याची बघायची तर सहावा, पाचव्याची तर चौथा. "अण्णा, आठ उघडला की एक." गिऱ्हाइकं हसायची. तुझ्या गाडीलाही तेच गणित. फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, इंजिन पूर्ण गार असताना. फट मोजायचं गेज ओढताना लोण्यातनं सुरी काढल्यासारखं वाटलं पाहिजे. सैल नको आणि अडकायलाही नको. वालचंद कॉलेजात तुला हे कुणी शिकवलं नसणार.

कार्बोरेटरला मात्र आल्या आल्या हात लावू नकोस. गाडी नीट चालेना की नवशिका आधी कार्बोरेटर खोलतो, आणि दहातल्या आठ वेळा दोष पॉइंट, कंडेन्सर नाहीतर प्लगमध्ये, म्हणजे ठिणगीच्या बाजूला असतो. आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. अँबॅसडरला एसयू कार्बोरेटर एक होता, तुला दोन आहेत. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. एअर फिल्टर काढून रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीनं दोन्हींच्या तोंडाशी धर. फुसफुस सारखी येईतो जुळव. कार्बोरेटरची वरची टोपी फिरवून आत पातळ ऑइल आहे का बघ. ते संपलं की पिकअप घेताना गाडी आचके देते आणि लोक इंजिनाला नावं ठेवतात.

चावी फिरवलीस की मागून टिकटिक येईल. घाबरू नकोस, तो पेट्रोलचा पंप. कार्बोरेटर भरले की तो गप्प बसतो. गप्प बसलाच नाही तर टाकी रिकामी असेल नाहीतर कुठं तरी गळत असेल. टिकटिक आलीच नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेत, पान्याच्या मुठीनं हलकं ठोक. पण तुझ्या सालच्या गाडीत पंप उजव्या मागच्या चाकाजवळ खाली असतो. तिथं हात पोचवायला गाडी उचलावी लागते, आणि उचललीस की

बघ, आलंच.

ठीक आहे, एकदाच लिहितो. त्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आहे. मागची बाजू उचललीस की हँडब्रेकची दोन्ही चाकं हवेत, आणि गाडी पुढच्या मोकळ्या चाकांवर उभी. जमिनीला नखाएवढा उतार असला तरी पुरतो. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मग जॅक. मग घोड्या, गाडी टेकवायचे ते लोखंडी स्टँड. मागं अॅक्सलच्या नळीखाली, पुढं क्रॉसमेंबरखाली, म्हणजे आडव्या तुळईखाली. जॅक उतरवून वजन घोड्यांवर घे आणि गाडी कमरेनं ढकलून बघ. हलली तर आता हलू दे. काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या सिलखाली सरकवून ठेव. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. झालं, आता परत नाही लिहीत.

सिलवरून आठवलं. दाराखालची ती पेटी नुसती शोभेची नाही. त्या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन तोलतो, आणि सिल म्हणजे त्याचा कणा. तिकडच्या मिठानं पहिलं तेच खाल्लं जातं. जानेवारीत आम्ही आलो होतो तेव्हा रस्त्यावर पांढरं काय पसरलंय म्हणून मी विचारलं होतं, आठव. मोटारीच्या पोटाला मीठ चोळणारा देश! रुमालात लोहचुंबक गुंडाळून सिलवरून आणि चाकांच्या कमानीवरून फिरव. जिथं धरणार नाही तिथं पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. वरून रंग आरशासारखा असला तरी. मूळचा जॅक दाराखाली बाजूनं लावायची सोय असेल, ती वापरूच नकोस. आतून गंजलेलं सिल वजनाला चिरडतं. हे जॅकबद्दल नाही, गंजाबद्दल आहे.

ब्रेकचं मात्र ऐकच. तुझ्या सालच्या गाडीला एकच सर्किट. एक पाइप फुटला तर पेडल थेट जमिनीला टेकतं, चारही चाकं गेली. रबरी होज तिन्ही नवे घाल, लोखंडी पाइप कुठं गंजलाय ते हात फिरवून बघ. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, दर दोन वर्षांनी सगळं बदल. पुढच्या किंगपिनना, चाकं वळतात त्या खुंटांना, दर ३,००० मैलांना ग्रीस, एका बाजूला तीन निपल. जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. सीटमागं दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या असतील. लोक त्या विसरतात, कारण दिसत नाहीत.

पेट्रोल भरताना महागातलं भर. तिकडं २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, सुपरमध्ये जास्तीत जास्त ५. जुन्या रबराला ते खातं. आपल्याकडं तर आता २० टक्के. त्यात आपल्या उसाचंही, त्यामुळं कोल्हापुरात बसून त्याविरुद्ध बोलायची चोरी! तुझे दोन्ही मामा कारखान्याचे सभासद. पण नळ्या मात्र बदलून घे. आणि विकणाऱ्याला विचार, हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का. ती गाडी शिसंवाल्या पेट्रोलच्या जमान्यातली, शिसं नसलं की मूळच्या सीट झिजतात.

कागदांबद्दल तू विचारलं होतंस. तिकडचा कायदा मला काय कळणार, पण तू पाठवलंस ते ओंकारनं वाचून दाखवलं. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, पण शून्याचाही टॅक्स दर वर्षी नोंदवावा लागतो. तो विसरू नकोस. ते व्ही५सी पुस्तक, तिकडचं आरसी बुक, मालकीचा पुरावा नाही, गाडी कुणाच्या ताब्यात आहे एवढंच ते सांगतं. म्हणून खरेदीची पावती जपून ठेव. व्ही५सीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन स्वतः ताडून बघ. इंजिन किंवा रंग बदललास तर डीव्हीएलएला, तिकडच्या आरटीओला, कळवायचं. एमओटी तपासणीतूनही सूट आहे म्हणतेस. ती सूट घेऊ नकोस. वर्षातनं एकदा परक्या माणसानं गाडी खालून बघितलेली बरी. त्याच्याकडं लिफ्ट असते.

आपल्याकडं ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ला वेगळे नियम आले. व्हीए मालिकेचा नंबर, २०,००० रुपये, आणि गाडी रोज वापरायची नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या, पेट्रोल भरायला न्या. म्हाताऱ्याला फक्त लग्नकार्यात बाहेर काढायचं, तसं. आपली अँबी मी म्हणून साध्याच नंबरावर ठेवलीय. अजून तिच्यातून मंडईला जातो.

तुझा तो मित्र म्हणतो तसं मोठं इंजिन घालायचं डोक्यातून काढ. कंपनीनंच १९७३ ते ७६ मध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही८ घालून २,५९१ गाड्या केल्या, हे मलाही ठाऊक आहे. तो कारखान्याचा उद्योग होता, तुमचा शनिवार-रविवारचा नाही. इंजिन वाढवलं की ब्रेक वाढवायचे, गिअरबॉक्स, अॅक्सल, रेडिएटर, सगळी वरात. वर मूळ जातीबाहेरचं इंजिन घातलं तर ती एमओटीची सूटही जाऊ शकते आणि विमावाल्याला न सांगता केलंस तर विमाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाल, त्याला माझी ना नाही. फक्त जुने पॉइंट आणि कंडेन्सर डब्यात घालून गाडीतच ठेव.

मी परत मास्तरकी करायला लागलो. तू गिअरबॉक्सची इंजिनिअर आहेस, तुझ्या हाताखाली गोरी पोरं काम करतात, हे मी तालमीच्या कट्ट्यावर सांगतो तेव्हा छाती फुगवून सांगतो. आणि फोनवर मात्र तू मला स्टुलावरचीच दिसतेस. चुकलं माझं.

दत्तूमामाचं तुला अर्धंच माहीत आहे. गणपतीच्या आधीचे दिवस होते. गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी पाहिजे होती. घोड्या दोनच, आणि त्या दुसऱ्या गाडीखाली. मागची बाजू उचललेली, हँडब्रेक ओढलेला. दत्तू म्हणाला, दाजी, दोन मिनिटांचं काम आहे. जॅक मी लावला होता.

तुझ्या आईला हे ठाऊक आहे. इतक्या वर्षांत तिनं एकदाही ते काढलं नाही. काल मी फोन आपटला तेव्हा ती काही न बोलता देवघरात जाऊन बसली. म्हणून तू तिच्यावर रागावू नकोस, रेंजचं तिनं माझ्यासाठी सांगितलं.

दूधवाला आला. ओंकार मार्चमध्ये लंडनला येतोय, त्याच्याबरोबर माझं फिलर गेज पाठवतो. पानं थोडी झिजलीत, पण १५चं चांगलं आहे. घोड्या तिकडंच घे. दोन नको, चार घे, तीन टनी. पैसे मी पाठवतो, त्यावर वाद नको. घेतल्यास की फोटो टाक. गाडीचा नाही, घोड्यांचा.

आणि रॉकर कव्हर पहिल्यांदा काढशील तेव्हा मला व्हिडिओ लाव. तुझी सकाळ असली तर माझी दुपार, मी जेवायचा थांबतो. तू पान्यानं इंजिन फिरव, आठवा दाबला की थांब. मी इकडून बघतो.

तुझे,
अण्णा

ता.क. तोवर तो पुठ्ठा तेवढा उचलून ठेव.