टोपीची टाचणी राहून गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मर्सिडीज-बेंझ कंपनीवर पानभर मजकूर वाचला. फोटो झकास. पण मजकूर दोन ठिकाणी चुकलाय आणि एका ठिकाणी गप्प बसलाय, म्हणून हे पत्र. मी कराडचा. चाळीसेक वर्षं डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. मी सकाळी जाऊन बसतो, नोझलचा आवाज ऐकतो आणि न विचारता सल्ले देतो. लिहायची सवय नाही. नातीनं टाइप करून दिलंय.

पहिली चूक. कार्ल बेंझ आणि गोटलीब डाइमलर या दोन मित्रांनी मिळून गाडी काढली, असं तुम्ही छापलंत. मित्र कसले आणि मिळून कुठलं! बेंझ मानहाइमला, डाइमलर स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला. मधे साधारण कराड ते जेजुरी एवढं अंतर. बेंझनं तीन चाकांच्या गाडीचं पेटंट २९ जानेवारी १८८६ ला मागितलं, नंबर ३७४३५. एक सिलिंडर आणि ताकद एका घोड्याचीसुद्धा नाही. त्याच वर्षी डाइमलरनं विल्हेल्म मायबाखला हाताशी धरून घोडागाडीत इंजिन बसवलं. दोघं एकमेकांचे धंद्यातले वैरीच म्हणायचे. डाइमलर १९०० साली वारले. दोन कंपन्या एक झाल्या त्या २८ जून १९२६ ला, पहिल्या महायुद्धानंतर महागाईनं दोघींचं कंबरडं मोडल्यावर. म्हणजे डाइमलर जाऊन पंचवीसेक वर्षं झाल्यावर गरजेपोटी जुळलेलं हे लग्न. चिन्हात तारा आला डाइमलरकडून आणि भोवतीचा पानांचा वेढा बेंझकडून.

दुसरी चूक. मर्सिडीज ही मालकाची मुलगी नव्हे. एमिल येलिनेक हा डाइमलरच्या गाड्या विकणारा माणूस, नीसला श्रीमंतांच्या वस्तीत बसायचा. त्यानं १९०० साली एकदम ३६ गाड्यांची ऑर्डर दिली आणि अट घातली की गाडीला माझ्या मुलीचं नाव द्या. पोरगी तेव्हा दहा वर्षांची. १९०२ साली नाव नोंदलं गेलं, आणि पुढच्या वर्षी या गृहस्थानं स्वतःच्या आडनावाला 'मर्सिडीज' जोडून घेतलं! बापाचं नाव लेकीला लागतं, इथं उलटं झालं. ती मर्सिडीज बिचारी १९२९ साली चाळिशीच्या आत गेली. ताऱ्याची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा हे तुम्ही दिलंय, ते बरोबर आहे.

या चुका कुणाच्याही हातून होतील. मला खटकलं ते वेगळंच. पानभर मजकुरात बर्था बेंझला एक ओळ, तीही 'पत्नीनं प्रोत्साहन दिलं' अशी. प्रोत्साहन? लग्नाआधी आपल्या हुंड्याचा पैसा तिनं या माणसाच्या बुडत्या कारखान्यात ओतला. आणि ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, पंधरा आणि तेरा-चौदा वर्षांच्या दोन पोरांना घेऊन, गाडी काढून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर. तोवर ती गाडी कुणी एवढी लांब नेलीच नव्हती.

वाटेत काय काय झालं ते मेकॅनिकच्या नजरेनं बघा. इंधनाची नळी तुंबली, तर बाईनं टोपीची लांब टाचणी काढून ती साफ केली. ठिणगीच्या वायरचं आवरण खराब झालं, तर मोज्याचा पट्टा काढून गुंडाळला. वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे डाग काढायचं द्रव, विकत घेऊन टाकीत ओतलं. त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात. साखळीनं दगा दिला तेव्हा लोहार गाठला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. हे काय आहे? ब्रेक लायनर! आम्ही पोरं असताना उस्तादाकडे पहिलं काम शिकलो ते हेच. जुना लायनर छिन्नीनं उडवायचा आणि नवा शूला रिबिट मारून बसवायचा. आणि चढावर पोरांनी खाली उतरून गाडी ढकलली, म्हणून बाईनं घरी येऊन सांगितलं की याला अजून एक हलका गिअर पाहिजे. तो बसवलाही. टेस्ट ड्राइव्ह, ब्रेकडाउन आणि कस्टमर कम्प्लेंट, तिन्ही एकाच बाईनं एकाच फेरीत आटपलं. कंपनीचं नाव मला वाटतं तिथं सुरू झालं. तुमच्या मजकुरात मात्र 'जर्मन हातांतच अचूकपणा असतो' अशा अर्थाचं वाक्य आहे. हातात काही नसतं हो. नळी तुंबते. टाचणी जवळ लागते.

आता थोडं घरचं. माझे वडील कराडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ड्रायव्हर होते, पुणे-कोल्हापूर-बेळगाव लाइनवर. त्यांच्याकडे १९६२ पासून नाकवाला टाटा-मर्सिडीज ट्रक होता. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४ ला झाला, पंधरा वर्षांचा, आणि जमशेदपूरला हे ट्रक बनायला लागले. समोर जाळीवर तोच तारा. तुमच्या पुरवणीत मर्सिडीज १९९५ साली भारतात आली असं आहे. कार आली असेल. आमच्या भागात मर्सिडीज म्हणजे ट्रक हे त्याच्या आधी चाळीस वर्षांपासून पोराटोरांना माहीत होतं. श्रीमंताची गाडी वगैरे नंतरचं. आमच्यासाठी ती गूळ आणि तंबाखू वाहणारी गाडी होती.

वडील रोज सकाळी फडक्याला रॉकेल लावून आधी तारा पुसायचे, मग काच. क्लीनरला हात लावू द्यायचे नाहीत. खंबाटकी चढताना ते गाडीशी बोलायचे, हे मी स्वतः शेजारी बसून ऐकलंय. १९६९ ला करार संपला, नव्या गाड्यांवर ताऱ्याच्या जागी 'टी' आला. अड्ड्यावर पुष्कळ ड्रायव्हर कुरकुरले की आता ती गाडी राहिली नाही. वडलांनी पहिल्या नव्या गाडीचं बॉनेट उघडून आत बराच वेळ टॉर्च मारली आणि म्हणाले, "तारा गेलाय, बाकी सगळं हाय तितंच हाय." मी तेव्हा सोळा वर्षांचा. कामावर जायला मी त्याच वर्षी लागलो.

ताऱ्याची कार हाताखाली आली ती फार उशिरा. पुण्याजवळ पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडलेली पहिली ई २२०, इकडच्या एका डॉक्टरांची, पांढरी. १९९५ च्या त्या चौकोनी गाडीला पुढच्या काचेवर वायपर एकच, मधोमध. मी म्हटलं, एवढे पैसे घेतले आणि वायपर एक? पाऊस आला तेव्हा चालू करून बघितला. हात नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही. कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि मधे येताना आखडतो, म्हणून जवळजवळ सगळी काच पुसली जाते. आत एक लहानसं गिअरचं खटलं आहे. ग्रीस सुकलं की करकरतं, इतकंच. मी ते उघडून, धुऊन, ग्रीस भरून बसवलं आणि डॉक्टरांकडून पैसे घ्यायचे विसरलो. शिकायला मिळालं की माझं असं होतं, बायको यावर अजून बोलते.

म्हणजे कौतुक मला तुमच्या लेखकापेक्षा कमी नाही. पण ते गप्प बसले ती जागा ही. सनावळीत १९२६ आहे, १९३६ ची पहिली डिझेल कार २६० डी आहे, आणि मग एकदम १९५४ ची पंखासारख्या दारांची ३०० एसएल. मधली वर्षं कुठं गेली? हिटलर ज्या लांब उघड्या गाडीत उभा राहून हात वर करायचा, ती मर्सिडीज ७७०. युद्धात कारखाने विमानांची इंजिनं आणि लष्करी गाड्या बनवत होते. १९४४ साली कंपनीकडे ६३,६१० माणसं कामाला होती आणि त्यातली जवळपास निम्मी बळानं आणलेली होती. परदेशातून धरून आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतले लोक. हा आकडा कंपनीच्या विरोधकांचा नाही, कंपनी स्वतःच्या इतिहासात तो देते. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पंचाण्णव वर्षांची होऊन, बर्था बेंझ वारली.

माझी भाची स्टुटगार्टला नोकरीला आहे. २०१६ साली तिनं मला कंपनीचं संग्रहालय दाखवलं. लिफ्टनं वर जायचं आणि गोल गोल उतरत खाली यायचं. सगळ्यात वर गाडी नाही, पांढरा घोडा उभा केलाय. पुढं कोपऱ्याकोपऱ्यावर मी रेंगाळत होतो आणि भाची घड्याळ बघत होती. रेसची गाडी पाठीवर घेऊन ताशी १६० च्या वर पळणारा निळा ट्रक तिथं आहे. 'निळं नवल' म्हणायचे त्याला. अस्सल ट्रक १९६७ ला भंगारात काढला आणि पुढं चूक कळल्यावर जुन्या फोटोंवरून नवा बनवला. त्याच्यापाशी मी अर्धा तास होतो. उतरणीच्या भिंतीवर सनावळीचे फोटो आहेत, ते भाचीनं थांबून थांबून वाचून दाखवले. युद्धाच्या वर्षांपाशी ती जरा हळू आवाजात वाचायला लागली, आणि आजूबाजूला कुणी मराठी नसताना हळू कशाला, असं मी तिला विचारलंही. चार दशकांवर कंपनी या विषयावर जवळपास मुकी होती. १९८८ साली तिनं २ कोटी मार्क त्या कामगारांसाठी दिले, आणि पुढं २००० साली सरकार आणि उद्योगांनी मिळून १००० कोटी मार्कांचा निधी उभा केला त्यातही वाटा उचलला. तोवर कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या गेलेले होते. हे सांगितल्यानं ३०० एसएलची दारं कमी देखणी होत नाहीत. छापायला हवं होतं.

मला स्वतःला या कंपनीबद्दल खरा आदर वाटला तो १९९७ साली, आणि तोही तिची फजिती झाली तेव्हा. नवीन लहान ए-क्लास बाजारात आली. स्वीडनमधल्या एका मासिकाच्या लोकांनी तिची त्यांच्याकडची नेहमीची चाचणी घेतली. रस्त्यात एकदम मोठं हरीण आलं तर गाडी डावीउजवीकडे कशी वळते ती. गाडी उलटली! जगभर फोटो. कंपनीनं आधी थोडं नाक वर केलं, मग मात्र तीनेक महिने गाड्या देणं थांबवलं आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी चाकाचाकाला वेगळा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, जी तोवर महागड्या गाड्यांत असायची, ती प्रत्येक ए-क्लासला बसवली. विकलेल्यांनासुद्धा. कोट्यवधी मार्क गेले. पुढं युरोपात तशी यंत्रणा सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली.

माझ्या हातून एकदा एका जीपच्या ब्रेकमधली एअर नीट निघाली नव्हती. गिऱ्हाईक कुंभार्ली घाटातून जेमतेम परत आलं. पेडल खराब होतं म्हणून सांगता आलं असतं, त्याला काय कळणार होतं. नाही सांगितलं. माझी चूक म्हटलं, चारी चाकं पुन्हा उघडली. शिव्या खाल्ल्या. ते घर अजून आमच्याकडेच गाडी टाकतं. त्यामुळे ए-क्लासची बातमी मी पेपरातून कापून गॅरेजात लावली होती.

तेच डिझेलच्या धुराच्या वेळी, म्हणजे गाड्या ठरल्यापेक्षा जास्त विषारी धूर सोडतात आणि चाचणीत ते झाकतात असा आरोप झाला तेव्हा, झालं नाही, याचं वाईट वाटतं. २०१९ ला जर्मनीत ८७ कोटी युरोचा दंड, २०२० ला अमेरिकेत सव्वादोनशे कोटी डॉलरच्या आसपास तडजोड, तीही आरोप मान्य न करता. जिनं १९३६ ला डिझेल कार विकायला काढली तिच्यावर डिझेलवरूनच ही वेळ यावी! नव्वदीच्या अखेरच्या गाड्यांच्या पत्र्याला गंजानं बदनाम केलं तेही तुमच्याकडून सुटलं, पण जागेची अडचण मी समजू शकतो.

एक सुचवतो. ३०० एसएलचे फोटो कुठंही मिळतील. ताऱ्याचे ट्रक खंबाटकीतून चढवणारे ड्रायव्हर आता आमच्याकडे मोजून तीन उरलेत. सगळे ऐंशीच्या पुढचे. एकाला कमी ऐकू येतं, पण गिअरचं विचारलं की बरोबर ऐकू येतं. सकाळी आठला स्टँडसमोर चहाला असतात. कुणालातरी पाठवा, दिवाळीच्या आत.

आपला नम्र,
एक जुना गॅरेजवाला, कराड