तिकिटांच्या बातम्या भरपूर झाल्या, आता अल्बमबद्दलही लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन शो झाले तेव्हा आपल्या पेपरात रोज काही ना काही येत होतं, तिकीट ब्लॅकमध्ये कितीला गेलं, हॉटेलांचे रेट कुठे पोचले, ट्रॅफिक कुठून वळवला, सगळं वाचलं मी. पण ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांचा 'मून म्युझिक' हा अल्बम आलाय तो कसा आहे यावर एक ओळ नाही. मला तो नाही आवडला, फार गोडगोड झालाय, त्यांच्या पहिल्या अल्बममधली, 'पॅराशूट्स'मधली ती एकटी उदास गिटार शोधूनही सापडत नाही. पण आवडो न आवडो, त्यावर बोलायला तर पाहिजे ना, गर्दी जमली ती गाण्यांसाठीच.

त्याच दिवशी, 4 ऑक्टोबरला, 'द स्माइल' या बँडचा 'कटआउट्स' पण आला. त्यात आहेत रेडिओहेड बँडचे थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुड, आणि जॅझमधून आलेला ड्रमर टॉम स्किनर. जानेवारी 2024 मध्ये यांचाच 'वॉल ऑफ आइज' येऊन गेला होता, मला तो जास्त भिडला, त्यातलं 'बेंडिंग हेक्टिक' तर आठ मिनिटांचं आहे, घाटातून जाणारी गाडी, हळूहळू चढत जाणाऱ्या स्ट्रिंग्ज आणि मग एकदम गिटार फुटते. असं गाणं हल्ली कोण करतं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

पण 2024 चा माझा अल्बम म्हणाल तर 'द क्युअर' या जुन्या इंग्लिश बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', 1 नोव्हेंबरला आलेला. 16 वर्षांनी आलेला अल्बम, फक्त आठ गाणी. पहिलं गाणं 'अलोन', त्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांच्या वर लागतात, तोवर नुसते ड्रम, कीबोर्ड आणि गिटार, आणि शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या पुढे जातं, तिथे तर आवाजाची याहून जास्त वाट बघायची. तीस सेकंदांच्या रीलच्या जमान्यात हे कोण ऐकणार असं वाटेल, पण सवाईला विलंबित ख्याल ऐकत बसणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायची गरजच नाही, बढत म्हणजे काय हे त्याला माहितीये. मधल्या काळात स्मिथचे आई, वडील आणि भाऊ गेले, भावावरचं 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' मी आजही सलग दोनदा ऐकू शकत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने मरणाबद्दल एवढं सरळ गावं, काहीही न सजवता, आणि तो अल्बम इंग्लंडमध्ये एक नंबरला जावा, 1992 च्या 'विश'नंतर पहिल्यांदा! ही बातमी नाही का?

तरुण बँडमध्ये डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी.चा 'रोमान्स' ऑगस्टमध्ये आला. आधीचे तीन अल्बम प्रोड्युसर डॅन कॅरीने केले होते, या वेळी त्यांनी आर्क्टिक मंकीजवाला जेम्स फोर्ड घेतला आणि आवाज केवढा मोठा झाला. 'स्टारबर्स्टर'मध्ये त्यांचा गायक ग्रिअन चॅटन मध्येच जोरात श्वास आत ओढतो, ते गाणं लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवर त्याला आलेल्या पॅनिक अटॅकवरून आलंय, आणि तो श्वासच गाण्याचा ठेका होऊन जातो, पहिल्यांदा ऐकताना माझीच छाती दाटून आली होती. जुने फॅन म्हणतात बँड बिघडला, मला नाही पटत, शेवटचं 'फेव्हरिट' ऐका आणि मग बोला.

अमेरिकेच्या पर्ल जॅम बँडचा 'डार्क मॅटर' मात्र नाही जमला. प्रोड्युसर अँड्र्यू वॉट, रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' पण त्याचाच, आणि दोन्हीकडे तोच त्रास, सगळं इतकं चकचकीत आणि सारख्या व्हॉल्यूमवर की गाण्याला श्वास घ्यायला जागाच नाही.

उलट सिंडी ली. 'डायमंड ज्युबिली', 32 गाणी, दोन तास. सिंडी ली हे कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगलचं स्टेजवरचं नाव, त्याचं हे काम मार्च 2024 मध्ये आलं तेव्हा स्पॉटिफायवर नव्हतंच, यूट्यूबवर एकच लांबलचक व्हिडिओ आणि एका जुनाट दिसणाऱ्या साइटवरून डाउनलोड, तरी जगभर लोकांनी शोधून ऐकलं. साठच्या दशकातला रेडिओ दूर कुठेतरी लागलाय आणि स्टेशन नीट लागत नाहीये, असा त्याचा आवाज आहे. कंपनीची जाहिरात नसतानाही चांगलं काम ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं, पण त्यासाठी कुणीतरी त्याच्याबद्दल बोलावं लागतं, आणि मराठीत ते बोलणं पेपरने सुरू करावं असं मला मनापासून वाटतं.

एम. जे. लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स' आणि वॅक्सहॅचीचा 'टायगर्स ब्लड' हे दोन्ही जोडीने ऐका एवढंच सांगतो, दुसऱ्यात पण गिटारवर लेंडरमनच आहे.

आणि परदेशी म्हणून सोडून देत असाल तर आपल्या दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचं काय? 'बिस्मिल्ला'नंतर पाच वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, त्यांचा 'बीटा' आला. गायक सूर्यकांत सॉनीचा तो जुन्या क्रूनरसारखा, म्हणजे हळुवार गाणाऱ्यासारखा आवाज, ब्रासची वाद्यं, मधूनच लग्नाच्या बँडची आठवण, हे दुसऱ्या कुठल्या देशात होणारच नाही. मराठीत याच्यावर काहीच वाचायला मिळालं नाही मला, आणि मी शोधलं होतं.

आपल्याकडे मैफिलीवर लिहिणारे किती बारकाईने लिहितात, कुठली बंदिश, लय कशी होती, साथ कशी झाली. तसंच इथे पण लिहिता येईल, ऐकणारी पोरं मुंबई-पुण्यातच नाहीत तर सोलापूर, सांगलीतही आहेत आणि ती इंग्रजीत वाचतात कारण मराठीत मिळत नाही. रोज नको, रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान, दोन अल्बम, आणि लिहिणाऱ्याने ते पूर्ण ऐकलेले असावेत, प्रेस नोट छापू नका. मार्च 2025 मध्ये मुंबईच्या रेसकोर्सला लोलापलूझा हा संगीत महोत्सव झाला, अमेरिकेचा ग्रीन डे बँड आला होता, तर त्यांच्या 'सेव्हिअर्स'पासून सुरुवात करा, तोही 2024 चाच आहे.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली